पऱ्हाटीच्या बायोचारने जड धातूंची जमीन कशी सावरावी

आधी एक गोष्ट स्पष्ट: बायोचार (काडीकचरा कमी हवेत जाळून केलेला कोळसा) शिसे, कॅडमियम मातीतून काढत नाही, धरून ठेवतो, म्हणजे पिकाच्या मुळांना ते कमी मिळतात. आर्सेनिक असेल तर वापरू नका; सामू (माती आम्ल की विम्ल ते सांगणारा आकडा, जास्त म्हणजे विम्ल) वाढला की ते उलट मोकळे होते. म्हणून तपासणी आधी. नमुना १५ सेंमी खोलीपर्यंतचा, प्लास्टिकच्या खुरप्याने घ्या. जस्ताचा मुलामा असलेल्या घमेल्यात ठेवला तर जस्ताचा आकडा फुगतो.

खान्देशात पऱ्हाटी (कापूस वेचून झाल्यावर उरलेली झाडे) मुबलक. शेतात रचून ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा, म्हणून लगेच वापरलेली बरी. केळीचे खांब मात्र नकोत, पाणी फार. काडी कडकन मोडेल इतकी वाळवा.

दीड मीटर रुंद, पाऊण मीटर खोल, खाली निमुळता खड्डा घ्या. तळाशी जाळ करा. काड्यांवर पांढरी राख दिसू लागली की पुढचा थर, त्याआधी नाही. घाई केली तर धूर होतो नि कोळसा अर्धकच्चा राहतो. उशीर केला तर राखच. खड्डा भरला की भरपूर पाणी ओतून पूर्ण विझवा. आत निखारा राहिला तर रात्रीतून सगळे जळते.

सुरुवात एका गुंठ्यावर करा. तिथली वरची १५ सेंमी माती साधारण २० टन, तिच्या १ टक्का म्हणजे २०० किलो बायोचार. त्याला सुमारे एक टन वाळली पऱ्हाटी लागते. बायोचार ओलसर असतानाच कुटा, तोंडाला फडके बांधा. वाफशावर पसरून रोटाव्हेटर मारा. दीड महिन्याने पुन्हा तपासा, तोवर पालक-मेथी लावू नका. खान्देशची काळी माती मुळात विम्लधर्मी, त्यामुळे सामू वाढवायला चुनखडी घालायची गरज नाही.