वेळापत्रक उचलणाऱ्या मोड्यूलमध्ये जोडकप्प्यांची काळजी घ्या

विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तासिकांचे वेळापत्रक उचलणारे मोड्यूल लिहिताना पान उतरवून घेण्याचे आणि त्यातून माहिती वेगळी काढण्याचे काम दोन स्वतंत्र फंक्शनांत ठेवावे, म्हणजे उतरवलेले एचटीएमएल फाइलमध्ये जपून ठेवता येते आणि पार्सर (माहिती वेगळी काढणारे फंक्शन) दुरुस्त करताना सर्व्हरला पुन्हा पुन्हा त्रास द्यावा लागत नाही. खरी गोची तक्त्यात असते. सोमवारी ९ ते ११ चालणारे प्रात्यक्षिक बहुधा रोस्पॅन २ असलेल्या, म्हणजे दोन ओळी व्यापणाऱ्या एकाच जोडकप्प्यात दाखवलेले असते. त्यामुळे १० वाजताच्या ओळीत एक कप्पा कमी भरतो, आणि केवळ कप्प्याच्या क्रमांकावरून वार ठरवणारा कोड मंगळवारचे व्याख्यान बिनदिक्कत सोमवारच्या नावावर टाकतो. म्हणून आधी रिकामी जाळी तयार करावी, प्रत्येक कप्पा तो व्यापत असलेल्या सर्व जागांवर नोंदवावा आणि पुढचा कप्पा त्या ओळीतील पहिल्या मोकळ्या जागी बसवावा. एकही तासिका सापडली नाही, तर रिकामी यादी परत न देता एक्सेप्शन (काम थांबवणारी त्रुटीची सूचना) द्यावे. पानाची रचना बदलली की बहुतेक वेळा तासिका अशाच सापडेनाशा होतात. अर्थात, विद्यापीठ आयकॅलेंडर फाइल (कॅलेंडरमधील नोंदी ठरावीक स्वरूपात देणारी फाइल) देत असेल, तर हा सारा खटाटोप करूच नये, सरळ तीच वाचावी.