मशीन एम्ब्रॉयडरी शिकताय? टेन्शनच्या चकतीला हात लावण्याआधी या चुका टाळा

भाचीच्या बारशासाठी कुंचीवर ‘क्षितिजा’ असं नाव भरायला घेतलं, तेव्हा मशीन घरी येऊन जेमतेम आठवडा झाला होता. पहिल्या ‘क्ष’लाच मशीन घरघरलं आणि थांबलं. कापड धरून ठेवणारी रिंग काढायला गेले तर निघेना. कापड प्लेटला चिकटलेलं, खाली दोऱ्याचा हा एवढा पुंजका. मग मी टेन्शनची, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण ठरवणारी, आकड्यांची चकती फिरवली, बॉबिन केसचा (खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या डबीचा) बारका स्क्रू पिळला, पुन्हा चकती फिरवली. दोन तासांनी आधी बरे येणारे टाकेही बिघडले होते आणि मूळ दुखणं जागच्या जागी होतं.

चूक होती दोरा ओवण्यात. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली असताना मी दोरा ओवला होता. फूट खाली असला की मशीनच्या आतल्या, दोरा धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्या मधे शिरतच नाही, वरवर टेकून राहतो. मग त्याला धरून ठेवणारं कोणी नसतं, आणि तो दर टाक्याला सैल सुटून कापडाखाली साठत जातो. गुंता खाली दिसतो म्हणून आपण बॉबिनला दोष देतो, पण बहुतेक वेळा तो वरच्या दोऱ्याचा प्रताप असतो.

तेव्हा ओवताना फूट वर उचललेला हवाच. ओवून झाल्यावर सुईत घालण्याआधी दोरा हाताने ओढून बघा. फूट वर असताना सुळकन यायला हवा, फूट खाली केला की अडायला हवा. दोन्ही वेळा सुळकन आला तर पुन्हा ओवा. वर-खाली नाचणाऱ्या लिव्हरमधून दोरा निसटलेला असला तरी हाच तमाशा होतो. आणि पुंजका झालाच तर रिंग हिसकू नका. रिंग जरा उचलून खालून बारक्या कात्रीने दोरे कापत जा, नाहीतर सुई वाकते आणि कापडही फाटतं.

टाके बिघडले की आता माझा क्रम ठरलेला आहे. आधी दोरा काढून पुन्हा ओवायचा. मग सुई बदलायची. मग बॉबिन केस काढून ब्रशने धाग्याचा केर झाडायचा, कारण केसच्या पत्तीखाली अडकलेला धाग्याचा एक तुसही बॉबिनचा ताण घालवतो. तोंडाने फुंकर मारू नका, केर आणखी आत जातो आणि ओलही धरते. हे सगळं झाल्यावरही बिघाड राहिला तरच चकतीकडे वळायचं, तेही एकेक आकडा करत.

सुईच्या बाबतीत आपण फार कंजूष. मोडेपर्यंत तीच चालवायची, ही शिवणातली सवय इथे नडते. साधारण आठ तास भरतकाम झालं की सुई बदलावी. ४० नंबरच्या नेहमीच्या एम्ब्रॉयडरी दोऱ्याला ७५/११ मापाची सुई चालते. जरीचा दोरा असेल तर ९०/१४ घ्या. तिचं नेढं मोठं असल्याने जरी घासून तुटत नाही. जरीला वेगही कमी लागतो. मी मिनिटाला ४०० टाक्यांच्या वर जात नाही. बॉबिनमध्ये वरचाच जाड दोरा भरू नका, तिथे ६० किंवा ९० नंबरचा बारीक दोरा असतो.

टेन्शन बरोबर आहे का, हे उलट्या बाजूला कळतं. चार-पाच मिलिमीटर रुंदीची सॅटिन टाक्याची (एकमेकांना चिकटून पडणाऱ्या आडव्या टाक्यांची) उभी पट्टी भरा आणि कापड उलटं करा. मधोमध साधारण एक तृतीयांश पांढरा बॉबिनचा दोरा आणि दोन्ही कडांना वरचा रंग दिसला, की छान. पांढरा दोरा सुलट बाजूवर डोकावत असेल तर वरचा दोरा जास्त ताणलेला आहे किंवा बॉबिन सैल आहे.

आता सगळ्यात जास्त कापड वाया घालवणारी चूक, म्हणजे रिंग लावणं. ‘ढोलकीसारखं टणक बसवा’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं आणि आपण टी-शर्ट रिंगमध्ये घालून चारी बाजूंनी ओढतो. भरताना नक्षी सुरेख दिसते. रिंग सोडली की ताणलेलं कापड मूळ मापावर येतं, टाके मात्र तेवढेच राहतात, आणि नक्षीभोवती चुण्या पडतात. त्या इस्त्रीनेही जात नाहीत. कापड सपाट बसावं, ताणलं जाऊ नये. स्क्रू आधी जवळपास आवळून ठेवा आणि मग आतली रिंग दाबा. रिंग लावल्यावर कडा धरून ओढायचा मोह आवरा. मखमलीवर तर रिंगेचा वळ कायमचा उठतो. तिथे रिंगमध्ये फक्त पेपर लावायचा, त्यावर चिकट स्प्रे मारून कापड वर ठेवायचं.

पेपर म्हणजे कापडाखाली लावायचं अस्तर. दुकानात ‘एम्ब्रॉयडरी पेपर द्या’ म्हटलं की पुढ्यात येईल तो घेऊ नका. फाडून निघणारा पेपर सुती, न ताणणाऱ्या कापडाला. टी-शर्ट, होजिअरी, म्हणजे जे ताणतं त्याला कापून काढायचा. त्याचा कडेचा भाग कापला तरी नक्षीमागचा कायमचा राहतो आणि धुतल्यावरही टाके सांभाळतो. टॉवेलला खालच्या पेपरसोबत वरूनही पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म लागते, नाहीतर अक्षरं लवीत बुडतात. वर्तमानपत्र लावून बघणारे खूप आहेत, मीही त्यातलीच. सुईच्या भोकांनी ते नक्षी अर्धी होण्याआधीच फाटतं आणि पांढऱ्या कापडाला शाई लागते ती वेगळीच.

तान्ह्या बाळाच्या कपड्याला उलट बाजू खरबरीत ठेवू नका. भरून झाल्यावर मागून मऊ चिकट अस्तर इस्त्रीने बसवा. सुती कापड आधी धुऊन घ्या. पॉलिस्टरचा दोरा आटत नाही, कापड आटतं, आणि पहिल्याच धुण्यात नक्षी गोळा होते. खणाच्या तुकड्याला मागे हलकं फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावल्याशिवाय रिंगमध्ये घालू नये, कडांचे धागे सुटत जातात.

मराठी नावांची गंमत वेगळीच. मशिनात तयार अक्षरं बहुधा इंग्रजीच असतात, म्हणून आपण नावाचा फोटो सॉफ्टवेअरमध्ये टाकून ‘ऑटो’ दाबतो. सॉफ्टवेअरला शिरोरेषा काय कळणार! सॅटिनचा टाका ज्या दिशेने पडतो त्या दिशेने कापड आत ओढतो. काना उभा, त्याचे टाके आडवे, म्हणून तो अरुंद होतो. शिरोरेषा आडवी, तिचे टाके उभे, म्हणून ती बारीक होते आणि अक्षरांपासून सुटते. स्क्रीनवर चिकटलेली ‘जा’ कापडावर शिरोरेषेला लोंबकळायच्या ऐवजी खाली तरंगते. त्यासाठी अक्षरांची डोकी शिरोरेषेच्या आत थोडी घुसवून ठेवायची, ओढीची भरपाई वाढवायची (म्हणजे टाके मुळातच जरा लांब ठेवायचे) आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी, अख्ख्या नावावरून एकाच पट्टीत भरायची. इंकस्केपवर चालणाऱ्या इंक-स्टिच या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे हाताने करता येतं. वेळ लागतो, पण दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

अनुस्वार एक मिलिमीटरहून लहान झाला की तो टिंब राहत नाही, गाठ होते. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्र’ यांची पोटं भरून जातात. जोडाक्षराचं नाव मी दहा मिलिमीटर उंचीच्या खाली भरत नाही, आणि बारशाची घाई असली तरी लहान करून देत नाही.

लहान-मोठं करण्यावरून आठवलं, विकत घेतलेली नक्षी मशीनवर दहा-वीस टक्क्यांपलीकडे बदलू नका. बऱ्याच मशिनांत टाके तेवढेच राहतात. लहान केलं की पुठ्ठ्यासारखं टणक होतं, मोठं केलं की मधून कापड दिसतं. पेनड्राइव्हवर टाकलेली नक्षी मशीनमध्ये दिसतच नसेल, तर ती रिंगेपेक्षा मोठी आहे का किंवा फाइल दुसऱ्याच मशीनच्या प्रकारातली आहे का ते बघा. डीएसटी (एम्ब्रॉयडरीच्या फाइलचा एक प्रकार) फाइल उघडल्यावर रंग भलतेच दिसले तर घाबरू नका. तिच्यात रंग कुठे बदलायचा एवढंच असतं, कोणता लावायचा ते नसतं.

आणि पहिला प्रयोग खऱ्या कपड्यावर करू नका. त्याच कापडाच्या कतरणीवर, तोच पेपर लावून आधी भरून बघा. उसवायची वेळ आली तर उलट बाजूने बॉबिनचे दोरे कापा, सुलट बाजूचे टाके मग अलगद सुटतात. भोकं मात्र राहतात. कुंचीवरच्या त्या पहिल्या ‘क्ष’च्या जागी मी एक चांदणी भरली आणि नाव खाली घेतलं.

राहता राहिली लाइट. नक्षी अर्ध्यावर असताना गेली तर रिंग काढू नका, कापडही हलवू नका. पुष्कळ मशिनं लाइट आल्यावर थांबल्या जागेवरून सुरू करायचं का, असं विचारतात. नाही विचारलं तर टाके मोजत पुढे जायची सोय असते. तुटल्या जागेच्या आठ-दहा टाके मागे येऊन सुरू करा, म्हणजे सांधा दिसत नाही.