कॅम्पसच्या पाट्या करायच्यात? आधी वॉचमनकाकांशेजारी बसा

पाट्यांचं काम आलंय ना, मग लॅपटॉप नंतर उघडा, आधी दोन दिवस मेन गेटवर वॉचमनकाकांशेजारी खुर्ची टाकून बसा, ॲडमिशनचे दिवस असले तर उत्तमच. लोक काय विचारतात ते जसंच्या तसं लिहून घ्या. "मार्कशीट कुठे मिळते हो?" असंच विचारतात, "परीक्षा व मूल्यमापन विभाग" कोणाच्या तोंडी नसतो. पाटीवर अधिकृत नाव असू द्या पण खाली 'मार्कशीट' पण लिहा, नाहीतर काकांच्या घशाला काही आराम नाही.

मग पायी फिरा. माणूस जिथे थबकून मोबाईल काढतो तिथे पाटी हवी, खरं तर फाट्याच्या जरा आधी, कारण गाडीवरचा पोरगा वळण गेल्यावर वाचतो आणि राँग साइडने परत येतो. गणेशखिंडीतलं आपलं पुणे विद्यापीठ ४०० एकरांच्या वर आहे, एवढ्या पसाऱ्यात गेटवरच सगळ्या विभागांची यादी लावून काही उपयोग नाही. गेटवर चार-पाच मोठे भाग, पुढच्या फाट्यावर त्यातले विभाग, मजला-खोली बिल्डिंगच्या आत. आणि नाव पोचेपर्यंत तेच ठेवा, मध्येच 'भौतिकशास्त्र'चं 'पदार्थविज्ञान' झालं की नवा माणूस मागे फिरतो.

नकाशा लावताय तर बघणाऱ्याच्या समोर जे आहे ते नकाशात वर आलं पाहिजे. उत्तर दिशा वर वगैरे भूगोलाच्या पेपरात ठीक.

आता अक्षरं, इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. ढोबळ हिशोब असा की १० फुटांवरून वाचायचं तर अक्षर १ इंच, ५० फुटांवरून ५ इंच. पण देवनागरीत ही उंची शिरोरेखेपासून खाली मोजा, मात्रा-रफार धरून नाही, म्हणूनच इंग्रजीएवढाच पॉइंट साइज दिला की मराठी बारीक दिसतं. दोन ओळींत जागा पण जास्त सोडा, वरच्या ओळीतल्या 'वसतिगृह'चा ऋकार खालच्या 'भौतिक'च्या मात्रांत घुसतो. मी एका कॉलेजचं काम केलं तेव्हा फाइल तशीच दिली, डीटीपीवाल्याकडे फाँट बदलला आणि 'पदव्युत्तर'चं 'पदव्युत् तर' होऊन आलं, चौदा पाट्या. तेव्हापासून मजकूर कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे आकार करून देतो, मग फाँट बदलायचा प्रश्नच नाही, आणि प्रूफ कागदावर मागतो.

फिनिश मॅट घ्या, ग्लॉसीवर दुपारचं ऊन पडलं की नुसती चमक. खांबाची जागा पावसाळ्यात बघून या, मे महिन्यात मोकळी दिसणारी जागा ऑगस्टपर्यंत फांद्यांत गडप होते. ब्रेल हाताला येईल अशा उंचीवर, दरवाज्याच्या बाजूच्या भिंतीवर, दारावर नको, दार उघडलं की वाचणाऱ्याच्या नाकावर.

फायनल ऑर्डरच्या आधी सगळं ए-थ्री कागदावर छापून चिकटपट्टीने लावा आणि कधीच न आलेल्या कोणाला तरी बोलवा. मी मावशीला आणलं होतं, म्हटलं स्कॉलरशिपची खिडकी शोध आणि मी मागून गप्प चालत राहिलो. ती दोनदा कँटीनमध्ये पोचली.