समुद्र नसलेल्या परभणीतून डॉल्फिनच्या फुप्फुसापर्यंत

"सर, डॉल्फिनचा डॉक्टर व्हायचंय, सुरुवात कुठून करू?" परभणी-उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजातली पोरं विचारतात, तेव्हा मी त्यांना आधी कोंबड्यांच्या शेडवर पाठवतो. पावसाळ्यात ओलं होऊन बुरसलेलं तूस, आणि त्यावर मान ताणून, चोच उघडी टाकून धापा टाकणारी पिल्लं. ब्रूडर न्यूमोनिया. मेलेलं पिल्लू उघडलं की फुप्फुसावर मोहरीएवढ्या पिवळसर गाठी. ही ॲस्परजिलस फ्युमिगेटस नावाची बुरशी. डॉल्फिनच्या फुप्फुसातही बऱ्याचदा हीच बाई ठाण मांडून बसलेली असते.

साडेपाच वर्षांच्या पदवीनंतर मी मेडिसिन घेतलं, पण मन रमलं मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये. आज विचाराल तर सरळ मायक्रोबायोलॉजी घ्या म्हणेन. साबूरो अगारवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या माध्यमावर कल्चर लावणं, लॅक्टोफेनॉल कॉटन ब्लू या रंगात स्लाइड बघणं, एमआयसी (बुरशीची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं किमान प्रमाण) काढणं, हे हातात बसलं पाहिजे. डॉल्फिन हाताळायला नंतरही शिकता येतं.

औषधाला न जुमानणारी बुरशी आपल्याला परकी नाही. पिकावर फवारतो ते टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल आणि दवाखान्यातलं व्होरिकोनॅझोल, सगळी ॲझोल या एकाच बुरशीनाशक कुळातली. मातीतली बुरशी फवाऱ्याला सरावली की तिच्या सीवायपी-५१-ए जनुकात बदल होतो आणि दवाखान्यातलं औषधही तिच्यावर चालेनासं होतं. दिल्लीच्या संशोधकांनी २०१२ मध्ये असे वाण आपल्या मातीत दाखवले. म्हणजे ज्या पेशंटने आयुष्यात ॲझोलची गोळी घेतली नाही, त्यालाही रेझिस्टंट बुरशी होऊ शकते. कृषी विद्यापीठाच्या गावात राहून हे समजून घ्यायला जड जाऊ नये.

पुढे परदेशातल्या एका केंद्रात शिकायला गेलो. ट्रेनरने शिटी मारली की डॉल्फिन काठाला येऊन स्थिर राहायची. तिच्या डोक्यावरच्या श्वासछिद्रावर पेट्री डिश उपडी धरायची. फुस्सकन श्वास सुटला की डिश, चष्मा, तोंड सगळं ओलं, वर मासळीचा वास. एका श्वासात फुप्फुसातली तीन-चतुर्थांशाहून जास्त हवा ती बदलते, आणि नाकात आपल्यासारखी गाळणी नाही, त्यामुळे बीजाणू थेट खोल जातात. डिशवर मात्र पाण्यातलं, हवेतलं काहीबाही उगवतंच, म्हणून एवढ्यावर निदान ठोकू नका. सोनोग्राफी, सीटी, एंडोस्कोपी लागते. भूल देणं जोखमीचं, कारण तिचा श्वास तिच्या मर्जीने चालतो. पूर्ण भूल चढली की तो यंत्रावर घ्यावा लागतो.

गोळी माशाच्या कल्ल्यात दडवून द्यायची, हा भाग सोपा. खरी कसरत डोसची. व्होरिकोनॅझोल डॉल्फिनच्या अंगात फार काळ रेंगाळतं. माणसाच्या हिशेबाने रोज देत गेलात तर लिव्हर गेलं म्हणून समजा. शेपटीच्या पात्यातून रक्त काढून औषधाची पातळी पुन्हा पुन्हा तपासावी लागते. बुरशी रेझिस्टंट निघाली तर पोसाकोनॅझोल चालतंय का ते एमआयसीवरून बघायचं, नाहीतर ॲम्फोटेरिसिन-बी, तेही शक्यतो वाफाऱ्याने, कारण शिरेतून दिलं की किडनीवर येतं. उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि तरीही काही जनावरं वाचत नाहीत.

नोकरीचं म्हणाल तर भारतात २०१३ पासून डॉल्फिनेरियमला, म्हणजे डॉल्फिन पाळून त्यांचे खेळ दाखवायला परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे. इथलं काम म्हणजे किनाऱ्याला लागलेली जनावरं, तीही वनखात्याच्या परवानगीनेच, कारण डॉल्फिन वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कोकणात मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनचं या कामाचं जाळं आहे, तिथे विचारपूस करा. पगाराकडे बघून येणार असाल तर आपलं म्हशींचं बरं.

बरीचशी जनावरं मेलेलीच मिळतात. शवविच्छेदनाला मास्क, हातमोजे घालाच, माणसालाही लागणाऱ्या ब्रुसेला जंतूचा धोका असतो. फुप्फुसाचा एक तुकडा फॉर्मालिनमध्ये आणि दुसरा निर्जंतुक डबीत ताजा घ्या. फॉर्मालिनमधली बुरशी मरते, मग कल्चर नाही आणि एमआयसीही नाही. आणि म्युकर या दुसऱ्या बुरशीचा संशय असेल तर लॅबवाल्याला आधीच फोन करा की तुकडा कुटू नकोस, बारीक कापून लाव. कुटला की तिचे तंतू फुटतात आणि प्लेट कोरी राहते.