परसबागेच्या मातीत पारा असल्याची शंका आहे? मग या चुका टाळा

नाशिकच्या सातपूरला एमआयडीसीच्या कडेला आमच्या काकूंचं रो-हाऊस आहे. मागच्या भिंतीपलीकडची कंपनी कित्येक वर्षं बंद पडलीय. तिथे पूर्वी पारा भरलेली मोजमापाची उपकरणं बनायची, असं जुने कामगार सांगतात. भिंतीलगत काकूंचे चार वाफे आहेत: मेथी, पालक, मुळा आणि कडेला टोमॅटो. गेल्या दिवाळीत मेथीची जुडी माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "खायला हरकत नाही ना रे? तू एवढं वाचतोस!" मला उत्तर देता आलं नाही. ते शोधताना ज्या चुका मी केल्या आणि ज्या इतरांना करताना पाहिल्या, त्या लिहून ठेवतोय.

"सॉईल हेल्थ कार्ड चांगलं आलंय की!"

माझी पहिली चूक हीच. सरकारी माती तपासणीच्या त्या कार्डावर बारा गोष्टी असतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन. त्यात पारा नाही, शिसं नाही, कॅडमियमही नाही. ते कार्ड पिकाला काय हवं ते सांगतं, माणसाला काय नको ते सांगत नाही. पाऱ्याची तपासणी वेगळी मागावी लागते, आणि तीही एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत. मान्यता नेमकी मातीतल्या पाऱ्यासाठी आहे का, हे विचारून घ्या. दारावरची पाटी पाहून परत येऊ नका.

सगळ्या कोपऱ्यांची माती एका घमेल्यात

शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती घ्यायची, गोणपाटावर मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. खताचा हिशोब करायला ही पद्धत उत्तम आहे. पण कंपनीतून आलेला पारा शेतभर सारखा पसरलेला नसतो. तो गटाराच्या तोंडाशी, भिंतीच्या पायाशी, जुन्या भरावात असा ठिकठिकाणी साचलेला असतो. सगळं एकत्र केलंत की वाईट जागा चांगल्या मातीत विरून जाते आणि अहवाल गोड येतो. काकूंकडे आम्ही भिंतीजवळचा, मधला आणि नळाकडचा असे तीन वेगळे नमुने घेतले, वरच्या वीतभर थरातून.

नमुना भट्टीत वाळवणं

पहिल्या खेपेला नमुने ज्या प्रयोगशाळेत दिले, तिथे ते नेहमीप्रमाणे ओव्हनमध्ये तापवून वाळवले. आम्ही विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. पारा साध्या हवेतही हळूहळू उडतो, तापवल्यावर तर विचारूच नका. म्हणून माती सावलीत, हवेवर वाळवायची आणि काचेच्या बरणीत घट्ट बंद करून द्यायची. दुसऱ्या खेपेचा भिंतीजवळचा आकडा पहिल्यापेक्षा जास्त आला. पहिल्यावर समाधान मानलं असतं तर कळलंच नसतं. बोअरचं पाणी द्यायचं असेल तर ते पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत नेऊ नका. पारा प्लास्टिकच्या भिंतीला चिकटतो, त्यातून झिरपूनही जातो. प्रयोगशाळेकडून आम्ल घातलेली काचेची बाटली मागून घ्या. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 0.001 मिलिग्रॅम आहे, इतक्या बारीक मोजणीत बाटलीही घोळ करते.

"बीडीएल" म्हणजे शून्य समजणं

अहवालात बीडीएल (बिलो डिटेक्शन लिमिट) लिहिलेलं असतं, म्हणजे प्रयोगशाळेच्या यंत्राला दिसलं नाही, एवढंच. यंत्राला किती दिसतं, हा पुढचा प्रश्न. स्वित्झर्लंडमध्ये व्हिस्प गावाजवळ एका रसायन कारखान्याचा पारा 1970च्या दशकापर्यंत कालव्यात जात राहिला, आणि कालव्याचा गाळ लोकांनी खत म्हणून बागांत, शेतांत टाकला. (आपल्याकडे नाल्याचा गाळ 'सुपीक' म्हणून ट्रॉलीने आणतात, ते आठवतं.) तिथे घराच्या बागेची माती किलोला 2 मिलिग्रॅमच्या वर गेली की ती साफ करावी लागते, शेतीसाठी ही रेषा 20 आहे. तुमच्या प्रयोगशाळेला 2च्या खालचं दिसतच नसेल, तर तो बीडीएल घरच्या बागेला निरुपयोगी. काकूंचा भिंतीजवळचा नमुना 2च्या बराच खाली होता.

पारा कुठे बसतो, हे न बघता भाजी ठरवणं

मातीतला पारा बहुतेक झाडाच्या मुळांतच अडकतो, फळापर्यंत फार कमी पोहोचतो. म्हणून टोमॅटो, वांगी, दुधी तुलनेने सुरक्षित. मुळा, गाजर, बीट यांना माती थेट लागलेली असते. पालेभाजीची गंमत वेगळी, ती हवेतली पाऱ्याची वाफही पानांतून घेते, शिवाय पानांवर धूळ बसते. धुतल्याने धूळ जाते, सोलल्याने साल जाते, आत गेलेला पारा धुण्याने जात नाही. आणि पोरं वाफ्यात खेळून तोच हात तोंडात घालतात, ही वाट भाजीपेक्षा मोठी असू शकते.

माणसाची चुकीची तपासणी

लोक घाबरून रक्त देऊन येतात. जुन्या कारखान्याच्या मातीतला पारा सहसा असेंद्रिय असतो, त्यासाठी लघवी बघतात. रक्त आणि केस मुख्यतः माशांतून येणारा मिथिल पारा, म्हणजे पाऱ्याचं सेंद्रिय रूप, दाखवतात. आठवडाभर सुरमई खाल्ली असेल तर रक्ताचा आकडा वाढेल आणि बिचाऱ्या वाफ्यावर आळ येईल. व्हिस्पजवळ आया आणि मुलं तपासली, तेव्हा त्यांच्या अंगातल्या पाऱ्याचा बागेच्या मातीशी संबंध दिसला नाही. पारा इतर वाटांनीही अंगात जातो, म्हणून डॉक्टरांना हेही सांगा: दातांत चांदीसारखं भरण आहे का, रसौषधी (पाऱ्याची आयुर्वेदिक औषधं) चालू आहेत का, घरात पारद शिवलिंग आहे का, गोरं करणारी क्रीम लावता का. औषध देऊन पारा 'बाहेर काढून' मग मोजणाऱ्या चाचणीपासून लांब राहा. अशा वेळी निरोगी माणसाचाही आकडा वाढतो.

कोथिंबिरीचा रस पिऊन जड धातू निघतात, हा व्हॉट्सअॅपचा सल्ला काकूंनाही आला होता. ती कोथिंबीरही त्याच वाफ्यातली!

संशयित माती खणून दुसऱ्याच्या प्लॉटवर टाकू नका, वाळलेला पाला पेटवू नका. आम्ही भिंतीजवळचा वाफा प्लास्टिकने झाकला आणि दिंडोरीकडून आणलेली काळी माती क्रेटमध्ये भरली. मेथी, पालक आता क्रेटमध्ये आहेत, भिंतीपासून लांब. टोमॅटो जागच्या जागी आहेत. मुळा मात्र बंद केला, त्याबद्दल काकू अजून रुसलेल्या आहेत.