पोर्टफोलिओ करताय? आधी एका जागी बसा

माझी भाची अमेरिकेत हायस्कूलला आहे. मागच्या सुट्टीत बेळगावला आली, म्हणजे त्यांचा उन्हाळा आणि आपला धो धो पावसाळा, आणि येताना एपी आर्टचा पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या कामांचा संच, घेऊन आली. घरात ड्रॉइंग मास्तर मी एकटाच, त्यामुळे ते काम माझ्या गळ्यात पडलं. त्यातनं जे कळलं ते सांगतो, इथल्या पोरांना पण उपयोगी पडेल.

एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, शाळेत असतानाच कॉलेजच्या लेव्हलचा कोर्स, तो कॉलेज बोर्ड ही तिकडची संस्था चालवते. आर्टला लेखी पेपर नसतो, पोर्टफोलिओ हीच परीक्षा. ड्रॉइंग, टू-डी, थ्री-डी यातला एक प्रकार घ्यायचा. मग दोन भाग. एकात 15 इमेज, सगळ्या तुम्हीच ठरवलेल्या एकाच प्रश्नाच्या मागे लागून केलेल्या, त्याला 60 टक्के वजन. दुसऱ्यात तुमची 5 चांगली कामं, 40 टक्के. शेवटी 1 ते 5 मध्ये स्कोअर मिळतो.

आता गंमत बघा, पोरं काय करतात, दोन वर्षांत काढलेली सगळी चित्रं काढून बसतात, एक घोडा, एक सूर्यास्त, एक हिरोईनचं पोर्ट्रेट, आणि मग त्यावर थीम चिकटवतात. तसं नाही चालत ओ. प्रश्न आधी, चित्रं नंतर. भाचीचा प्रश्न होता "भारतीय संस्कृती". मी म्हटलं, बाई, हा प्रश्न नव्हे, हे तर निबंधाचं शीर्षक झालं. छत्री दिली आणि ओळखीच्या गणपतीच्या कारखान्यात नेऊन बसवलं.

पहिले चार दिवस तिनं नुसते गणपतीच काढले, गोड गोड, कॅलेंडरसारखे. पाचव्या दिवशी तिचं लक्ष कारागिराच्या हाताकडे गेलं. शाडू माती कापूस घालून मळलेली, साच्यातनं काढलेलं अंग बाजूला, हात वेगळे करून जोडायचे, आणि पावसानं काही वाळत नाही, वाळलं की भेग जाते. त्याच्या बोटांवर पण माती वाळून तशाच भेगा दिसत होत्या. झालं, प्रश्न सापडला: मूर्तीच्या आणि हाताच्या भेगा एकमेकींशी काय बोलतात? मग तिनं कोळशानं हात काढले, मातीचंच पाणी करून वॉश दिला, एका कागदावर खरंच शाडू थापून वाळवली, ती तडकली तेच चित्र झालं. शेवटी डोळे न आखलेल्या मूर्तींची रांग.

फसलेलं काम टाकू नका. त्या 15 मध्ये प्रोसेसच्या इमेज पण चालतात, वहीतली कच्ची स्केचेस, बिघडलेला ट्रायल. प्रश्नापासून तुम्ही कुठं कुठं वळलात ते त्यातनंच दिसतं. वहीत तारीख टाकायची सवय लावा, नंतर लिहायच्या वेळी काहीच आठवत नाही. नेटवरचा फोटो बघून जसंच्या तसं काढलेलं चालत नाही, त्यात तुमचं स्वतःचं भरपूर काम दिसायला पाहिजे, आणि एआयनं केलेलं तर कुठल्याच टप्प्यावर नको.

फोटोचं सांगतो, इथं निम्मी पोरं मार खातात. रात्री ट्यूबलाइटखाली काढला की कागद हिरवट नाहीतर पिवळा येतो. आपल्याकडचा ढगाळ दिवस एकदम बेस्ट, उजेड सगळीकडं सारखा. व्हरांड्यात चित्र भिंतीला सरळ टेकवा, मोबाईल बरोबर समोर धरा, फ्लॅश बंद. पावसाळ्यात वॉटरकलरचा कागद फुगतो, तो फोटोच्या आधी पालथा घालून वर जाड पुस्तकं ठेवून सपाट करा. कोळशाच्या कामांमध्ये बटर पेपर घाला, नाहीतर ट्रंकेत सगळं एकमेकाला पुसतं.

अजून एक चूक आमची. भाचीनं प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात झोकात देवनागरीत सही केली होती. इमेजमध्ये विद्यार्थ्याची ओळख दिसता कामा नये, नाव नाही, शाळा नाही. सगळं परत शूट करावं लागलं, काही ठिकाणी सही झाकून.

प्रत्येक इमेजला मटेरियल, प्रोसेस आणि साइज लिहायचा असतो, साइज इंचात. तो मोजून त्याच दिवशी चित्राच्या पाठीमागे पेन्सिलीनं लिहा. पेपर नसला तरी इमेजसोबत थोडं लिहून द्यायचं असतं, त्या लेखी उत्तराला अक्षरांची मर्यादा असते, त्यामुळे "मला लहानपणापासून कलेची आवड" वगैरे कापा, सरळ प्रश्न लिहा आणि कामात काय बदललं ते लिहा. तिनं आधी मराठीत मला तोंडी सांगितलं, मी मध्येच "म्हणजे काय गं?" विचारायचो, मग इंग्रजी केलं, तेव्हा कुठं ते साधं झालं.

5 कामं निवडताना मन घट्ट करा. ती त्या 15 मधली पण घेता येतात. तिला ती बिनडोळ्यांच्या मूर्तींची रांग लई आवडायची, मला तडकलेला कागद. सगळी जमिनीवर मांडली आणि घरच्यांना काही न सांगता बघायला बोलावलं. आमची आई त्या कागदापाशीच जाऊन बसली आणि म्हणाली, "हे कुणाचे हात गं?"

सबमिशन मे महिन्यात, ऑनलाइन. विद्यार्थ्यानं फायनल केल्यावर ते शाळेच्या टीचरमार्फत पुढे जातं, त्यामुळे शेवटच्या रात्रीवर ठेवू नका, एप्रिलमध्येच सगळ्या इमेज चढवा आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडून बघा. आपल्या कोल्हापूर, म्हैसूर, बडोद्याच्या आर्ट कॉलेजांकडं जाणाऱ्यांनी तिथलं त्या वर्षीचं माहितीपत्रक आधी वाचा, नियम वेगळे असतात. पण वही आजच घ्या, आणि बसायला जागा शोधा: वडगावचा माग, अथणीचा चपलेवाला, खानापूरचा कुंभार, काय पण.