आखडलेला सांधा तपासताना: नागपुरात नव्याने ओपीडीत बसणाऱ्या फिजिओसाठी

इंटर्नशिपला आलेल्या मुलामुलींच्या केस पेपरवर एक वाक्य मला वारंवार दिसतं: 'रेंज कमी आहे, स्ट्रेचिंग व मोबिलायझेशन दिले.' (रेंज म्हणजे सांधा किती अंश हलतो ते, मोबिलायझेशन म्हणजे हाताने सांधा हलवून मोकळा करणं.) कुठला सांधा आणि किती कमी, हे बहुतेक जण लिहितात. सांध्याला नेमकं काय अडवतंय, हे फार थोडे लिहितात. उपचार मात्र सगळा त्यावरच ठरतो. गुडघा ९० अंशांवर थांबला तर कॅप्सूल, म्हणजे सांध्याभोवतीची पिशवी, आखडलेली असेल, आत पाणी भरलेलं असेल, मांडीचा पुढचा स्नायू फ्रॅक्चरच्या जागी हाडाला चिकटला असेल, किंवा पेशंट भीतीने पाय ताठ धरून बसला असेल. चौघांचाही कोन सारखाच येईल. चौघांना सारखाच उपचार दिलात तर एखाद्याला बरं वाटेल आणि एखाद्याचा गुडघा संध्याकाळपर्यंत सुजून येईल.

गोनिओमीटर (कोन मोजायची पट्टी) हातात घेण्याआधी बोला. आपल्याकडे पेशंट 'रेंज' सांगत नाही. तो सांगतो, "हात वरच जाऊन नाही राह्यला जी." मग विचारा, कोणतं काम अडलं? काटोल-नरखेडकडच्या शेतकऱ्याला संत्री तोडायला हात डोक्याच्या वर हवा असतो. घरातल्या काकूंना ब्लाऊजचा हूक लावायला हात पाठीमागे हवा असतो. गुडघ्याचं तर विचारूच नका. पुस्तकात गुडघ्याचं वाकणं १३५ अंश दिलेलं असतं, पण पूर्ण उकिडवं बसताना तो साधारण १५० पर्यंत जातो. सांधा बदललेल्या गुडघ्याकडून बहुतेक वेळा ११०-१२० च्या आसपासची अपेक्षा ठेवतात. म्हणजे खाली मांडी घालून जेवणाऱ्या, भारतीय पद्धतीचा संडास वापरणाऱ्या माणसाशी हे पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलायला हवं आणि कमोडच्या खुर्चीचीही सोय सुचवायला हवी. नाहीतर तुम्ही ११५ अंश मिळवल्याचा आनंद मानाल आणि पेशंट म्हणेल, "काहीच फरक नाही पडला."

तपासणीचा क्रम मोडू नका. आधी पेशंटला स्वतः हलवू द्या, मग तुम्ही हलवा आणि शेवटाला पोचल्यावर हाताला काय लागतं ते बघा. खांद्याचं उदाहरण सविस्तर सांगते, कारण नागपुरातल्या कुठल्याही ओपीडीत तुम्हाला तो सारखा भेटणार आहे.

पेशंटला पाठीवर झोपवा. दंड अंगालगत, कोपर ९० अंशांत, दंडाखाली घडी केलेला टॉवेल, म्हणजे दंड मागे कलंडणार नाही. एका हाताने कोपर अंगालगत धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने मनगट धरून हात बाहेरच्या बाजूला फिरवत न्या, अगदी सावकाश. फ्रोझन शोल्डर, म्हणजे कॅप्सूल आखडून जखडलेला खांदा, असेल तर थोडं फिरल्यावरच चामड्याचा पट्टा ताणावा तसा घट्ट, किंचित सैल सोडणारा अडथळा लागतो. तोच कॅप्सूलचा एंड फील, म्हणजे शेवटाला हाताला लागणारी जाणीव. पेशंट स्वतः जिथे थांबला होता, जवळजवळ तिथेच तुम्हीही थांबता. बाहेर फिरणं सगळ्यात कमी, त्याखालोखाल हात बाजूने वर जाणं, मग आत फिरणं, हा सीरिॲक्स या डॉक्टरने सांगितलेला क्रम जुळला की निदान जवळ आलं. उलट पेशंटचा हात अर्ध्यातच थांबतो, पण तुम्ही नेलात तर सहज पूर्ण जातो, तर कॅप्सूलचा दोष नाही. रोटेटर कफ (खांदा फिरवणारे स्नायू) फाटला आहे का किंवा नस कमजोर आहे का, ते बघा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. फिट येऊन गेलेली किंवा विजेचा धक्का बसलेली व्यक्ती आली आणि हात बाहेर फिरायचं नावच घेत नाही, तर जोर लावू नका. खांदा मागच्या बाजूला निखळलेला असू शकतो, आणि समोरून काढलेल्या एक्स-रेत तो सहज निसटून जातो. काखेतून घेतलेला व्ह्यू मागवा.

खांदा आखडलेल्या प्रत्येकाला साखरेचं विचारा. मधुमेह असणाऱ्यांत हा त्रास जास्त आढळतो आणि सुटायलाही वेळ लागतो. हे आधी सांगितलं तर पेशंट मध्येच उपचार सोडून जात नाही.

उपचाराची ग्रेड, म्हणजे हाताने सांधा किती आणि कुठवर हलवायचा, हे दुखणं ठरवतं. रात्री कुशीवर झोपता येत नाही, अडथळा लागायच्या आधीच कळ येते, अशा खांद्याला मेटलँड या फिजिओने ठरवलेल्या पहिल्या-दुसऱ्या ग्रेडचे हलके झोके, पेंड्युलम (वाकून हात लटकता सोडून झुलवणं), आणि गरज वाटली तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे इंजेक्शनसाठी चिठ्ठी. आधी अडथळा आणि मग दुखणं अशी वेळ आली की तिसरी-चौथी ग्रेड, तीही रेंजच्या शेवटाशी. ग्लाइडच्या, म्हणजे सांध्यातलं एक हाड दुसऱ्यावर सरकवण्याच्या, दिशेबद्दल माझं ठाम मत आहे. बहिर्गोल-अंतर्गोल नियम (हाडाच्या टोकाच्या आकारावरून ग्लाइडची दिशा ठरवणारा) पाठ असल्यामुळे सगळे बाहेर फिरण्यासाठी पुढच्या दिशेने ग्लाइड देतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत मात्र फ्रोझन शोल्डरमध्ये मागच्या दिशेच्या ग्लाइडने बाहेर फिरणं जास्त सुधारलं. माझा अनुभवही तसाच आहे. ग्लाइड द्या, लगेच मोजा, फरक पडला नाही तर दिशा बदला.

मोजताना दोन पथ्यं. एकाच माणसाने, एकाच स्थितीत मोजायचं आणि स्थिती कागदावर लिहायची. खांद्याचं, दंड अंगालगत ठेवून घेतलेलं माप आणि दंड ९० अंशांवर ठेवून घेतलेलं माप यांची तुलना होत नाही. पाच अंशांच्या आतल्या बदलाला सुधारणा म्हणू नका, तेवढी चूक हाताची असते. आणि '९५ अंश' असं कधीच लिहू नका, '१० ते ९५' लिहा. गुडघा सरळ होताना दहा अंश कमी पडतोय, हे चालण्यासाठी पुष्कळदा वाकण्यापेक्षाही महत्त्वाचं असतं. ऑपरेशननंतर नातेवाईक प्रेमाने गुडघ्याखाली उशी ठेवतात, ती काढायला लावा. उशी टाचेखाली ठेवायची. पेशंटला स्वतःहून गुडघा सरळ करता येत नाही, पण तुम्ही केलात तर होतो, तर तिथे ताण देऊन काही मिळणार नाही. तो क्वाड्रिसेप्स (मांडीचा पुढचा स्नायू) कमजोर असल्याचा लॅग, म्हणजे स्वतःहून सरळ करण्यातली उणीव आहे, त्याला ताकद हवी.

घोट्याला एक सोपी युक्ती आहे. गुडघा सरळ ठेवून पाऊल वर न्या, मग गुडघा वाकवून न्या. वाकवल्यावर पाऊल जास्त वर गेलं तर पोटरीचा वरचा स्नायू, गॅस्ट्रोक्नेमियस, आखूड आहे. दोन्हीकडे सारखंच अडलं तर सोलियस (पोटरीचा खालचा स्नायू) किंवा सांधा. इथेच ठरतं की भिंतीला टेकून पोटरी ताणताना गुडघा सरळ ठेवायचा की वाकवायचा.

लकवा झालेल्या पेशंटच्या बाबतीत आधी वेग बदलून बघा. हळू नेलं तर कोपर पूर्ण उघडतं आणि झटक्यात नेलं तर मध्येच अडतं, ही स्पॅस्टिसिटी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंना आलेला ताठरपणा. हळू नेऊनही तिथेच अडतं, तर काँट्रॅक्चर, म्हणजे स्नायू-सांधा कायमचा आखडणं. दोन्ही एकत्र असतात तेव्हा दोन्ही कोन लिहा. इथे एक गोष्ट पचवायला अवघड जाते: २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार (अनेक चाचण्यांचा एकत्रित अभ्यास) मेंदू-मज्जारज्जूच्या आजारांत सात महिन्यांपेक्षा कमी काळ दिलेल्या स्ट्रेचिंगने सांध्याच्या हालचालीत रुग्णाला जाणवेल असा फरक पडत नाही. म्हणून अख्खं सत्र हात ताणण्यात घालवू नका. पेला उचलणं, उभं राहणं, पायावर वजन घेणं, याला वेळ द्या. नातेवाईकांना बजावा की पेशंटला काखेत किंवा दंडाला धरून ओढून उठवायचं नाही. डोक्यावरून जाणारी पुली त्या खांद्याला लावू नका, दुखणं वाढतं.

कोपराबद्दल मला कळकळीने सांगायचंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत पडलेली मुलं प्लास्टर निघाल्यावर येतात, कोपर आखडलेलं, आईबाप घाबरलेले. तोवर कुणीतरी हाडवैद्याकडून तेल लावून चोळून घेतलेलं असतं किंवा हातात पाण्याची बादली लटकवलेली असते. दुखापत झालेल्या कोपराला असं रगडलं, जबरदस्तीने ताणलं, की स्नायूत हाड तयार होण्याचा धोका असतो. मुलाला स्वतःला हात हलवू द्या, खेळू द्या, तुम्ही जोर लावू नका. मुलांचं कोपर बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप मोकळं होतं. आईबापांना हे समजावण्यात दहा मिनिटं गेली तरी ती उपचाराचीच दहा मिनिटं आहेत. कोपर गरम लागलं, गाठ हाताला आली, रेंज दिवसेंदिवस घटत चालली, तर ताबडतोब ऑर्थोपेडिककडे.

मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत येणारे बरेच पेशंट गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून येतात. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की शहरातलेही दुपारी येत नाहीत. त्यामुळे घरचा व्यायाम हाच खरा उपचार समजून द्या. दोन किंवा तीनच द्या, आणि कमी जोराचा पण जास्त वेळचा ताण त्यात असू द्या: स्टुलावर टाच ठेवून गुडघा मोकळा सोडणं, टीव्ही बघताना जमतं. जाण्याआधी पेशंटकडून आणि सोबतच्या माणसाकडून तो एकदा करून घ्या. व्यायामानंतरचं दुखणं थोड्या वेळात ओसरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहिलं, सूज वाढली, तर जोर निम्मा करा. पोटरी सुजून दुखायला लागली, किंवा सांधा लाल-गरम होऊन ताप आला, तर व्यायाम बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, हे कागदावर मराठीत किंवा हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहून द्या.